कुमारांची झोप आणि व्यसनांचे अर्थकारण

(जालना येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



व्यसनमुक्तीच्या सभांतून यकृत, फुप्फुसे आणि तोंडाचा कर्करोग ह्यांची चर्चा पुष्कळ होते. ती व्हावयासच हवी. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाला कर्करोगाचे भय दाखवून फारसे साधत नाही, कारण तो रोग त्याच्या हिशेबी वीस-तीस वर्षे दूर असतो. व्यसन त्याच्याकडून पहिली वसुली करते ती मात्र त्याच रात्री, आणि ती त्याच्या झोपेतून. ह्या वसुलीची नोंद ना शाळेच्या हजेरीपटावर होते, ना दवाखान्याच्या केसपेपरवर. मुलगा वर्गात पेंगतो तेव्हा मास्तर त्याला आळशी म्हणतात, तो चिडतो तेव्हा घरची माणसे त्याला उर्मट म्हणतात, आणि तो नापास होतो तेव्हा सगळे मिळून त्याला मठ्ठ ठरवितात.

व्यसनाने झोप बिघडते हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेले सत्य आहे. परंतु जालना जिल्ह्यातील कष्टकऱ्यांच्या घरांत पाहिले तर पुष्कळदा क्रम उलटा दिसतो. तेथे मुलाची झोप आधी जाते आणि व्यसन मागाहून येते. रात्र जागून काढणे भाग असते म्हणून तंबाखू तोंडात येते, आणि एकदा ती आली की मोकळी मिळालेली रात्रही ती झोपू देत नाही. म्हणून ज्यांना मुलांचे व्यसन सोडवावयाचे आहे त्यांनी प्रथम त्या मुलांची रात्र त्यांना परत मिळवून दिली पाहिजे.

झोपेची गरज किती?

तेरा ते अठरा ह्या वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते, असे झोपेचा अभ्यास करणारे वैद्य सांगतात. प्रौढाला सात तास पुरतात, मुलाला पुरत नाहीत. शरीराच्या वाढीचे संप्रेरक प्रामुख्याने गाढ झोपेत स्रवते. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच चालते. वाढत्या मुलाची झोप कमी करणे म्हणजे पेरलेल्या शेताचे पाणी तोडणे होय.

ह्या वयाची आणखी एक अडचण आहे. झोपेची वेळ झाल्याचे शरीराला कळविणारे मेलॅटोनिन नावाचे द्रव्य वयात येताना उशिरा स्रवू लागते. त्यामुळे कुमारांची झोपेची नैसर्गिक वेळ तासा-दोन तासांनी पुढे सरकते. रात्री लवकर डोळा न लागणे आणि सकाळी न उठवणे हा त्यांचा दोष नसून शरीराचा धर्म आहे. लहान मुलांच्या बाबतीत सरकारने झोपेचे महत्त्व मान्य केलेले आहे. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा आदेश महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. पाचवीच्या पुढच्या मुलांना त्या आदेशात स्थान मिळाले नाही, आणि शाळेबाहेर पडलेली मुले तर कोणत्याच आदेशात नसतात.

उचल आणि तिचे व्याज

जागेपणी मेंदूत ॲडेनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते. ते जसजसे साचते तसतशी झोपेची निकड वाढते, आणि झोपेत त्याचा निचरा होतो. चहातील कॅफीन हे द्रव्य काढून टाकीत नाही. ते ज्या ठिकाणी जाऊन काम करते ती जागा कॅफीन अडवून धरते, एवढेच. देणे तसेच राहते, फक्त धनकोला दारात थोपविलेले असते. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जावयास साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री नऊला घेतलेल्या कडक चहाचा अर्धा अंमल पहाटे दोनपर्यंत उरतो. पोलीस भरतीच्या वा वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीला बसलेली मुले आता चहाबरोबर डब्यातली उत्तेजक पेयेही पितात. अशी पेये लहान मुलांसाठी नाहीत हे डब्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते. शाळेपासून ५०० मीटरच्या आत त्यांची विक्री बंद करण्याची घोषणा जुलै २०२४ मध्ये राज्याच्या विधान परिषदेत झाली होती.

तंबाखूची गोष्ट अधिक गंभीर आहे. निकोटीन उत्तेजक आहे, आणि गुटख्यात व माव्यात तिच्या जोडीला असलेली सुपारीही उत्तेजकच. निकोटीनमुळे झोप उशिरा लागते आणि लागली तरी उथळ राहते. त्याचा अंमल साधारण दोन तासांत निम्म्यावर येतो, आणि सवय जडलेल्याच्या शरीरात मग रात्रीच तलफ जागी होते. मुलगा कूस बदलतो, उठून बसतो, का उठलो ते त्यालाच कळत नाही. काही जण गालात गोळी धरून तसेच झोपतात. त्यांच्या तोंडातील अस्तर झोपेतही निकोटीन शोषीत राहते, आणि तोंडाच्या रोगांना आमंत्रण मिळते ते वेगळेच. सकाळी अंग जड असते, ते हलके करावयास पुन्हा पुडी. तंबाखूने तरतरी येते असे त्याला वाटते, पण त्या तरतरीचा मोठा भाग रात्रीच्या तुटीची तात्पुरती भरपाई असतो.

दारूविषयी तर गैरसमजच फार. पिऊन माणूस पटकन झोपतो हे खरे. पण दारू रात्रीच्या पूर्वार्धात स्वप्नांची झोप दाबून टाकते, आणि तिचा अंमल उतरू लागला की उत्तरार्धात झोप वारंवार मोडते. घशाचे स्नायू सैल पडून घोरणे वाढते, तोंड कोरडे पडते, लघवीला उठावे लागते. गांजाचेही तसेच. आरंभी झोप लवकर आल्यासारखी वाटते, पण सवय जडल्यावर सोडावयास जावे तर निद्रानाश आणि भडक स्वप्ने कित्येक दिवस छळतात. पुष्कळ मुले नेमकी त्या दिवसांतच पुन्हा ओढली जातात. मराठवाड्याच्या शहरांत ‘बटन’ ह्या नावाने ज्या गोळ्यांचा चोरटा व्यापार चालतो, त्यांत झोपेच्या व चिंताशामक औषधांचा मोठा वाटा आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून त्या विकण्यास मनाई आहे. झोपेसाठी निर्माण झालेले औषध नशेसाठी वापरले म्हणजे पुढे त्याच्याशिवाय झोप येत नाही, आणि ते एकदम बंद केले तर प्रकृतीस धोका संभवतो. अशा मुलाला घरी कोंडून न ठेवता दवाखान्यात न्यावे, हे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे.

ऊसतोड कामगाराला उचल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. हंगामाआधी मुकादमाकडून पैसा हातात येतो आणि पुढचे सहा महिने तो अंगावर फिटतो. ह्या सगळ्या पदार्थांची रीत तीच आहे. ते मुलाला तासा-दोन तासांच्या जागेपणाची किंवा विसराची उचल देतात आणि ती त्याच्या झोपेतून सव्याज वळती करून घेतात.

जालन्याची रात्र

आता ही उचल मुलाला घ्यावीच का लागते ते पाहू. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून आणि तांड्यांवरून दिवाळीनंतर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पण मागे ठेवावयास कोणी नसले की मुलेही बरोबर जातात, आणि बारा-तेराव्या वर्षापासून त्यांचे हात कामाला लागतात. पहाटे तीन-चारला फडावर जावयाचे, दिवसभर तोडणी आणि मोळ्या बांधणे, आणि कारखान्याचे वाहन रात्री ज्या वेळी येईल त्या वेळी उठून भरणी. वाहनाच्या येण्याला वेळापत्रक नसते. कोपीत थंडी असते, डोक्याशी पाचट, बाजूला बैल. अशा ठिकाणी पंधरा वर्षांच्या मुलाला त्याचा बाप किंवा चुलता चिमूटभर तंबाखू हातावर देतो, तेव्हा तो त्याला बिघडवीत नसतो. भूक मारावयास आणि झोप उडवावयास त्याला स्वतःला जे स्वस्त साधन मिळालेले असते, तेच तो पोराच्या हातावर ठेवीत असतो.

मुलींचे दुःख अधिक झाकलेले आहे. घरात सर्वांत शेवटी पाठ टेकणारी आणि सर्वांत आधी उठणारी ती मुलगी. भाकरी, पाणी, लहान भावंड हे सगळे उरकून तिने फडावर जावयाचे. मिश्री तिच्या हाती आजीकडून, आईकडून येते. दात घासण्याच्या नावाखाली ती हिरड्यांवर बसते, आणि दिवसातून एकदाची दोनदा, दोनदाची चारदा होते. मिश्रीला घरात कोणी व्यसन म्हणत नाही, म्हणून तिच्याविषयी कोणी विचारीतही नाही. पण भाजलेली तंबाखू ही तंबाखूच, आणि झोपण्यापूर्वी लावलेली मिश्री तेच करते जे गुटखा करतो.

जे गाव सोडीत नाहीत त्यांचीही रात्र त्यांची नसते. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळत आली. रात्रीची पाळी असली की मोसंबीच्या बागेत किंवा कपाशीत दारे धरावयास बापाबरोबर मुलगा जातो. बाप थकलेला वा आजारी असला तर एकटा जातो. अंधार, साप, थंडी आणि मोटर केव्हा बंद पडेल ह्याचा भरवसा नाही. सोबतीला किटलीतला चहा आणि खिशातली पुडी. सौर कृषी वाहिनीची दुसरी योजना २०२३ मध्ये आली आणि काही भागांत दिवसा वीज मिळू लागली. जेथे ती पोचलेली नाही तेथे मुलांच्या झोपेच्या दृष्टीने ती सर्वांत निकडीची मागणी आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

शहरातही चित्र फारसे वेगळे नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या रात्री विझत नाहीत. रात्रपाळी करून आलेला माणूस एका खोलीच्या घरात सकाळी झोपतो तेव्हा मुलांना बाहेर जावे लागते, आणि तो रात्री निघतो तेव्हा घर पुन्हा जागे होते. बाहेर जाणारी मुले जेथे जमतात तेथे पानटपरी असतेच. हमरस्त्यांवरच्या ढाब्यांत आणि मालमोटारींवर क्लीनर म्हणून राबणारी पोरे रात्रीचा दिवस करतात. रेल्वे स्थानकांच्या आसपास घराविना वाढणाऱ्या मुलांच्या हाती पंक्चरचे सोल्युशन पडते. ते हुंगले म्हणजे भूक, भय आणि थंडी काही वेळ विसरता येते.

मोजणीतून सुटलेली मुले

२०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १३ ते १५ वयोगटातील विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करताना आढळली. म्हणजे साधारण बारा विद्यार्थ्यांत एक. पण हे सर्वेक्षण शाळेत बसलेल्या मुलांचे आहे. फडावर गेलेला मुलगा ह्या बारांतही नाही आणि त्या एकातही नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या मदतीने केंद्र सरकारने केलेल्या पाहणीचा अहवाल त्याच वर्षी आला. हुंगण्याचे पदार्थ हा असा एकच वर्ग आहे की ज्यात प्रौढांपेक्षा मुलांचे प्रमाण अधिक, असे त्यात दिसले: १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८ टक्के. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक नशा सर्वांत लहान हातांत आहे, असा ह्या आकड्यांचा अर्थ आहे.

येथे कोणी आक्षेप घेईल की सुखवस्तू घरांतील मुलेही व्यसन करतात. त्यांना कोणी फडावर नेत नाही, मग सगळा दोष कष्टाच्या माथी का मारता? आक्षेप रास्त आहे. परीक्षेची स्पर्धा, हातातला मोबाईल, मित्रांची भीड आणि घरातले कलह ह्यांनीही झोप जाते, आणि न झोपलेले मन मोहाला लवकर बळी पडते, मग ते कोणाचेही असो. फरक एवढाच की सुखवस्तू मुलाला रविवारी उशिरापर्यंत झोपता येते, नापास झाला तर शिकवणी लावता येते आणि व्यसन जडले तर डॉक्टर गाठता येतो. गरिबाच्या मुलाला ह्यांतले काहीच नाही. शिवाय शरीर थकलेले आहे म्हणून प्रत्येक जण तंबाखू खात नाही, हेही खरे. परिस्थिती ढकलते, पण हात पुडीकडे जाण्यासाठी पुडी हाताशी असावी लागते. ती कोण ठेवतो, ह्याचा हिशेब म्हणूनच मांडला पाहिजे.

महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली ती एकेका वर्षासाठी घातली जाते आणि दरवर्षी नवी केली जाते. व्यापाराने त्यावर तोड काढली ती अशी की सुपारीचा मसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, आणि दोन्हींची भेट गिऱ्हाइकाच्या तळहातावर. शेजारच्या राज्यांतून येणारा चोरटा माल वेगळाच. २००३ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे गुन्हा ठरविले, पण दंड दोनशे रुपयांपर्यंतचा. दोनशे रुपये हा दंड होत नाही, तो धंद्याचा किरकोळ खर्च होतो. उलट २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमात मुलाला मादक पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितलेला आहे. कायदा आहे, तो वापरण्याची इच्छा नाही. आणि इच्छा नसण्याचे कारण उघड आहे: आज पाच-दहा रुपयांची पुडी घेणारा पोरगा हा पुढील चाळीस वर्षांचा गिऱ्हाईक असतो. व्यापाराच्या दृष्टीने तो मुलगा म्हणजे भांडवलच.

लोखंडे ह्यांची मागणी

ही लढाई नवी नाही. १८३३ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने कापड गिरण्यांत अठरा वर्षांखालील मुलांच्या रात्रीच्या कामास मनाई केली, तेव्हा मालकांनी उद्योग बुडेल अशी ओरड केली होती. उद्योग बुडाला नाही. मार्क्सने ‘कॅपिटल’च्या १८६७ च्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसावर जे प्रकरण लिहिले, त्यात लोखंडाच्या कारखान्यांतून रात्रभर राबणाऱ्या पोरांच्या हकीकती सरकारी अहवालांतूनच घेतलेल्या आहेत. महाराष्ट्रात ही परंपरा नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्यापासून सुरू होते. १८८४ मध्ये मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांनिशी त्यांनी ज्या मागण्या पुढे केल्या, त्यांत आठवड्याची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे हीही मागणी होती. रविवारची सुटी १० जून १८९० पासून पदरात पडली. सूर्यास्ताची मागणी मात्र अजूनही फडावर पोचलेली नाही.

वस्तुतः कायदा तिला अनुकूल आहे. १९८६ च्या बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामास लावणे सरसकट निषिद्ध आहे. अपवाद ठेवला तो घरच्या धंद्यात मदत करण्याचा, तोही शाळेची वेळ सोडून. चौदा ते अठरा वयाच्या कुमारांसाठी धोक्याची कामे वर्ज्य आहेत, आणि इतर ठिकाणीही संध्याकाळी सात ते सकाळी आठ ह्या वेळात त्यांना राबविता येत नाही. ह्या तेरा तासांचे महत्त्व ओळखले पाहिजे. भारताच्या कायद्याने मुलांना दिलेली ही रात्रीची सनद आहे. परंतु ‘घरची मदत’ ह्या अपवादाच्या आडोशाला आणि कोयत्याच्या हिशेबात मुलाचे नावच नसल्यामुळे ती कागदावर राहते.

कार्यकर्त्यांनी काय करावे

पहिली गोष्ट, विचारण्याची पद्धत बदलावी. ‘तू तंबाखू खातोस का?’ ह्या प्रश्नाला मुलगा ‘नाही’ म्हणतो आणि संवाद संपतो. ‘रात्री किती वाजता झोपतोस? मध्ये उठतोस का? उठल्यावर काय करतोस?’ असे विचारले तर तो बोलू लागतो, कारण झोप न येण्यात त्याला लाज वाटत नाही. पंधरा दिवस झोपण्या-उठण्याच्या वेळा वहीत मांडावयास सांगितले तर पुडीचे आणि जागरणाचे नाते त्याचे त्यालाच दिसू लागते.

दुसरी गोष्ट, व्यसन सोडताना पहिले काही दिवस झोप अधिक बिघडते, हे मुलाला आणि घरच्यांना आधी सांगावे. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण ‘सोडले की त्रास होतो’ म्हणून पुन्हा धरतात. त्या दिवसांत सोबत लागते. तंबाखू सोडण्यासाठी १८००११२३५६ आणि इतर व्यसनांसाठी १४४४६ ह्या सरकारी दूरध्वनी क्रमांकांवर विनामूल्य सल्ला मिळतो. ते प्रत्येक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावेत.

तिसरी आणि मुख्य गोष्ट, रात्रीसाठी लढावे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली आणि तिच्या पहिल्या टप्प्यात अंबड व घनसावंगी हे तालुके घेतले गेले. हंगामासाठी गाड्या निघण्यापूर्वी प्रत्येक तांड्यावरील कोणत्या मुलाला वसतिगृहात जागा मिळाली आणि कोणाला नाही, ह्याची यादी कार्यकर्त्यांच्या हाती असली पाहिजे. दिवाळीनंतर यादी करून उपयोग नाही. तोवर मूल फडावर गेलेले असते. दिवसा विजेची मागणी, भरणीच्या वेळांना बंधन घालण्याची मागणी, शाळेच्या शंभर यार्डांतील टपऱ्यांवर बाल न्याय कायद्याखाली तक्रारी, ह्या सर्व व्यसनमुक्तीच्याच मागण्या आहेत. त्या ग्रामसभेत तशाच नावाने मांडाव्यात.

व्यसनाविरुद्ध उपदेश करणारे पुष्कळ आहेत. त्या उपदेशाची टवाळी करण्याचे कारण नाही, त्यानेही काही मुले वाचतात. पण जो मुलगा पहाटे तीनला उठून रात्री अकराला भरणी करतो, त्याला ‘तंबाखू सोड’ एवढेच सांगणे म्हणजे अनवाणी माणसाला काटे टाळावयास सांगणे आहे. त्याच्या पायांत आधी वहाण घातली पाहिजे. लोखंड्यांच्या काळी कामगारांनी सूर्यास्ताची मागणी केली ती स्वतःसाठी. ह्या जिल्ह्यातील मुलांना ती स्वतःसाठी करता येत नाही, कारण त्या वेळी ती एकतर राबत असतात किंवा पेंगत असतात. ती त्यांच्या वतीने मोठ्यांनी करावयाची आहे.